वाचलेल्या तेलाचा जमाखर्च

सटाण्याच्या माणसाला हिशेबाची गोष्ट सांगावयाची झाली की तो देवमामलेदारांपासून आरंभ करतो. मीही तेच करणार आहे. यशवंतराव महादेव भोसेकर हे आमच्या गावचे मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातले १,२७,००० रुपये भुकेल्या रयतेला वाटून टाकले, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. वरिष्ठांपर्यंत बातमी गेली, तपासणी झाली, खजिना मोजला, तर त्यात पैसुद्धा कमी भरली नाही! आरम नदीच्या काठी त्यांचे मंदिर आहे आणि मार्गशीर्ष वद्य एकादशीला तेथे मोठी यात्रा भरते.

लहानपणी मला या कथेतला चमत्कार आवडे. वय वाढले तशी मला तिच्यातली वही दिसू लागली. वहीत मांडलेले एक असते आणि माणसांच्या पोटात पडलेले दुसरे असते. यशवंतरावांनी पोटाची बाजू धरली. वहीची बाजू देवाने सांभाळली, अशी लोकांची श्रद्धा आहे. पण देव दर वेळी वही सांभाळावयास येतोच असे नाही. म्हणून वही कशी लिहावी, हा प्रश्न माणसांनाच सोडवावा लागतो.

आज ज्या विषयावर लिहावयाचे आहे तो अशाच एका वहीचा आहे. मोटारी बनविणारे कारखाने गाडीत इंधन वाचविणारी एखादी युक्ती बसवितात आणि तिच्याबद्दल त्यांच्या खात्यावर धुराची सूट जमा होते. ही सूट आली कोठून, ती मोजतात कशी, आणि तिने खरोखर काही वाचते का? हा इतिहास फार तर अर्ध्या शतकाचा आहे. त्याचा पहिला धडा मात्र मला कायद्याच्या पुस्तकाने दिला नाही. तो थोरल्या मामांनी दिला, सेलबारीच्या घाटात.

मामा कांद्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब राष्ट्रांनी तेल रोखले, आणि पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव १९७४ च्या जानेवारीपर्यंत बारा डॉलरच्या घरात गेला. या उलथापालथीची झळ सटाण्याच्या कांद्यालाही लागली. मामांच्या मालकाने ठराव केला : एका फेरीस इतके डिझेल. त्याहून कमी लागले तर वाचलेल्या डिझेलचे निम्मे पैसे ड्रायव्हरचे. जास्त लागले तर पगारातून कापावयाचे.

मामा हुशार. त्यांनी चार युक्त्या बसविल्या. निघण्यापूर्वी प्रत्येक टायरवर टॉमी ठोकून हवा ओळखावयाची, कारण मऊ टायर डिझेल खातो. फाटकापाशी, नाक्यापाशी गाडी उभी राहिली की इंजिन बंद. गियर कानाने बदलावयाचा, इंजिनाला उगाच ओरडू द्यावयाचे नाही. आणि चौथी : उतार लागला की उताराचे फुकटचे बळ वापरावयाचे.

१९७४ च्या वैशाखात मी अकरा वर्षांचा होतो आणि हट्ट करून त्यांच्याबरोबर सुरतेला निघालो होतो. ताहाराबाद मागे पडले, सेलबारीचा चढ संपला आणि पिंपळनेरच्या बाजूचा उतार सुरू झाला. मामांनी गियर काढला व इंजिन बंद केले. एकाएकी सगळे शांत झाले. वारा तेवढा ऐकू येई, आणि पोत्यांच्या भाराने फळ्यांची करकर. मला फार मौज वाटली. तिसऱ्या वळणाशी मामांनी ब्रेकवर पाय दिला, पुन्हा दिला, आणि मग त्यांचा चेहरा बदललेला मला अंधारातही दिसला. त्या ट्रकच्या ब्रेकला इंजिनाची मदत लागे. इंजिन बंद असताना दोनचार वेळा पाय दिला की ती मदत संपे आणि ब्रेक दगडासारखा होई. मामांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. मुरमाच्या ढिगात नाक खुपसून ती थांबली. क्लीनरच्या कपाळाला खोक पडली, पुढचा पत्रा चेपला, माझे ओठ फुटले. मामा मला पोटाशी धरून पुनःपुन्हा एवढेच म्हणत होते, “काही व्हयनं नही, काही व्हयनं नही.”

पुढचे अधिक महत्त्वाचे आहे. महिनाअखेर मालकाच्या वहीत त्या फेरीचे डिझेल कमीच निघाले. बचतीचे निम्मे पैसे मामांना चोख मिळाले. पत्र्याचा आणि औषधपाण्याचा खर्च दुसऱ्या पानावर होता.

मालकाने जे आपल्या एका ट्रकपुरते केले, तेच अमेरिकेच्या काँग्रेसने १९७५ साली साऱ्या देशापुरते केले. तेलाच्या त्याच धक्क्यातून तेथे कायदा झाला की प्रत्येक कारखान्याने एका वर्षात विकलेल्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी धरावयाची. गॅलनला २७.५ मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास, हे १९८५ सालासाठी मोटारगाड्यांचे उद्दिष्ट ठरले. एखादी गाडी तेलखाऊ असली तरी चालेल. दुसरीने भरून काढले म्हणजे झाले. सरासरी ठरलेल्याहून चांगली आली तर वरची कमाई जमेस धरावयाची आणि उण्या वर्षाला ती उपयोगी आणावयाची. येथे प्रथम ‘बचत’ ही वस्तू टाकीतून निघून वहीत आली. २००७ च्या कायद्याने तर एका कारखान्याने आपली जमा दुसऱ्याला विकण्याचीही वाट मोकळी झाली.

पण सरासरी काढावयाची तर प्रत्येक गाडी मोजली पाहिजे, आणि मोजावयाची कोठे? रस्त्यावर वारा वेगळा, ड्रायव्हर वेगळा, चढउतार वेगळे. म्हणून गाडी खोलीत रोलरवर चढवितात. चाके फिरतात, गाडी जागची हलत नाही. किती सेकंद कोणता वेग, केव्हा थांबावयाचे, सारे आखून दिलेले असते. आपल्याकडे हे काम पुण्याच्या वेताळ टेकडीवर, १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये चालते. या खोलीतल्या परीक्षेला एक मोठा गुण आहे : ती सर्वांना सारखी असते. आणि एक मोठा दोष आहे : तिला पुष्कळ दिसतच नाही. अमेरिकेत मैल मोजण्याची मूळ चाचणी होई तेव्हा गाडीतले थंड हवेचे यंत्र बंद असे. मग एखाद्या कारखान्याने ऊन अडविणारी काच बसविली, कमी वीज खाणारे दिवे लावले, तर रस्त्यावर तेल वाचेल, पण परीक्षेत त्याला गुण मिळणार नाहीत. आणि ज्याला गुण नाहीत ते कारखाना कशाला बनवील?

या अडचणीतून धुराच्या सुटीचा जन्म झाला. युरोपने २००९ च्या नियमात म्हटले की परीक्षेला न दिसणारी बचत पुराव्याने सिद्ध करून दाखवा, आम्ही गाडीच्या आकड्यातून तेवढे ग्रॅम वजा करू. मात्र सारे मिळून किलोमीटरला सातांहून अधिक नाही. २०१३ साली ऑडीच्या एलईडी दिव्यांना अशी मान्यता मिळाली. दिव्याने धूर कमी होतो हे ऐकून आमच्या आळीतले लोक हसले असते. पण दिव्याला लागणारी वीज इंजिनच तयार करते, आणि इंजिन ती तेलातून काढते. अमेरिकेने २०१० च्या नियमांत अशा सुटीची तरतूद केली आणि पुढे सोय म्हणून एक यादीच छापली : अमुक युक्ती बसविली की तमुक ग्रॅम. हॉटेलातल्या भावफलकासारखी. तिलाही मैलाला १० ग्रॅमची मर्यादा होती.

आपल्या देशात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली मोटारगाड्यांच्या सरासरीचे नियम २०१५ साली निघाले आणि २०१७-१८ पासून लागू झाले. ते प्रवासी मोटारींचे आहेत; मामांच्या ट्रकला ते लागले नसते. पहिल्या टप्प्यात किलोमीटरला साधारण १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, २०२२-२३ पासून दुसऱ्या टप्प्यात ११३. पेट्रोलच्या भाषेत बोलावयाचे तर १०० किलोमीटरला सुमारे साडेपाच लिटरवरून पावणेपाच लिटरवर. गाड्यांचे सरासरी वजन जास्त असेल तर मर्यादा थोडी सैल होते. २०२२ च्या दुरुस्तीने दंडही जबर झाला : १०० किलोमीटरला ०.२ लिटरपर्यंत चूक असेल तर विकलेल्या प्रत्येक गाडीमागे २५,००० रुपये, त्याहून अधिक असेल तर ५०,०००.

या २०१५ च्या नियमांत चार युक्त्यांना सूट दिलेली मी वाचली, तेव्हा चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ बसून राहिलो. टायरमधल्या हवेचा दाब सांगणारे यंत्र. गाडी उभी राहताच इंजिन आपोआप बंद करणारी योजना. सहा किंवा अधिक गियर. आणि वेग कमी करताना वाया जाणारे बळ विजेच्या रूपाने परत साठविणारे ब्रेक. मामांच्या चारही युक्त्या! टॉमीची ठोक, फाटकावरची शांतता, कानाने बदललेला गियर, आणि उताराचे फुकटचे बळ. यांतल्या प्रत्येकीसाठी गाडीच्या आकड्याला ०.९८ ने गुणावयाचे, म्हणजे शंभरातले दोन माफ. १३० ग्रॅमच्या गाडीचे एका युक्तीने १२७.४ होतात. फरक हा की मामांनी जे जीव धोक्यात घालून केले ते यंत्र सुखरूप करते. या सुटीची मी थट्टा करणार नाही. त्या रात्री आमच्या ट्रकात असे ब्रेक असते तर क्लीनरच्या कपाळावर ती खूण राहिली नसती.

पण मालकाच्या वहीने मला दुसरे पान उलटावयास शिकविले आहे. ते उलटू या.

खोलीतल्या परीक्षेतही गाडी बराच काळ उभी असते. म्हणजे इंजिन बंद करण्याच्या योजनेने तेथे जे वाचले ते एकदा मोजले गेलेच. वर आणखी दोन टक्के दिले तर तीच बचत दोनदा जमेस धरली जाते. परीक्षेत दिसते त्याला पुन्हा सूट द्यावयाची नाही, हा युरोपचा दंडक मला यासाठीच अधिक सरळ वाटतो. विजेच्या गाडीचेही असेच. आपल्या नियमात सरासरी काढताना एक विजेची गाडी तीन धरली, बाहेरून वीज भरता येणारी मिश्र गाडी अडीच आणि साधी सबळ मिश्र गाडी दोन. समजा, १२० ग्रॅमच्या नऊ गाड्या आणि विजेची एक विकली. खरी सरासरी १०८. तीन धरल्यावर १,०८० ग्रॅम बारांत वाटले जातात आणि सरासरी ९० येते. रस्त्यावर गाड्या दहाच, आकाशात धूर तेवढाच. वहीत मात्र आणखी दोन गाड्या धावत आहेत. नव्या धंद्याला आधार द्यावयाचा म्हणून हे केले, आणि आधार द्यावा हेही खरे. परंतु आधार आणि बचत या दोन रकमा एकाच रकान्यात लिहिल्या की पुढे कोणाला त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

वही फुगली तर काय होते याचे उदाहरण २०१४ सालचे आहे. ह्युंदाई व किया यांनी सुमारे १२ लाख गाड्यांचे मैल फुगवून सांगितल्याचे अमेरिकन सरकारचे म्हणणे होते. तडजोडीत त्यांनी दहा कोटी डॉलर दंड भरला आणि जमा असलेल्या सुटीतली साडेसत्तेचाळीस लाखांची जमा सोडून दिली. ते उघडकीस आले. पण नियमाने दिलेली जास्तीची सूट उघडकीस कशी यावी? ती तर चोरीच नसते.

माझ्या मुलाने घेतलेल्या गाडीत उभ्या गाडीचे इंजिन बंद करणारी ती योजना आहे. परवा मालेगाव रस्त्यावर गर्दीत अडकलो, इंजिन थांबले, आणि थंड हवा मंदावली. मुलाने सहजपणे एक बटण दाबले. इंजिन पुन्हा घुमू लागले. “बाबा, मी रोज निघतानाच बंद करतो ते,” तो म्हणाला. कारखान्याच्या खात्यावर दोन टक्के केव्हाच जमा झाले आहेत. हवेच्या खात्यावर काही नाही. आणि यात कोणी खोटे बोललेले नाही.

याला उपाय नाही असे नाही. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या मोटारीत प्रत्यक्ष जळलेले इंधन नोंदविणारे यंत्र असते. त्या नोंदी २०२४ साली एकत्र पाहिल्या, तेव्हा पेट्रोलच्या गाड्या परीक्षेतल्या आकड्याहून पंचमांशाहूनही जास्त जाळतात असे निघाले. आणि वीज भरता येणाऱ्या मिश्र गाड्यांचा धूर कागदावरच्या साडेतीन पट भरला, कारण लोक त्यांना धरले होते तितक्या वेळा वीज भरत नाहीत. आपण अडीच धरलेली गाडी हीच. २०२५ साली आपल्याकडे तिसऱ्या टप्प्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. माझ्यासारख्या सामान्य माणसाचे मागणे एवढेच आहे की सूट द्यावी, पण ती उधारीची समजावी. रस्त्यावरचे आकडे आले की तिची फेड तपासावी.

त्या अपघातानंतर मामांनी तो मालक सोडला. पुढे स्वतःचा जुना ट्रक घेतला, तेव्हा त्यांची वही मी पाहिली आहे. एकेका फेरीला एकच ओळ. त्या ओळीत डिझेल, टायर, ब्रेकचे लायनर, दुरुस्ती आणि शेवटी एक छोटा रकाना : ‘माणसे सुखरूप’. तेथे ते प्रत्येक वेळी बरोबरची खूण करीत. डिझेल पूर्वीपेक्षा थोडे जास्त लागे. दुसरे पान मात्र त्या वहीला नव्हते.