गुप्त मतदानाची कुळकथा



मत देऊन माणूस घरी परततो तेव्हा त्याच्या बोटावर शाईची एक रेघ असते. ती लपत नाही आणि धुतली तरी लवकर जात नाही. म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी ही शाई 1962 पासून आपल्या सार्वत्रिक निवडणुकांत वापरली जात आहे. हा मनुष्य मत देऊन आला एवढे ती साऱ्या गावाला सांगते. कोणाला दिले ते मात्र सांगत नाही. ते विचारण्यासाठी शेजारी असतात, पिढीजात दुकानदार असतो, घरातले वडीलधारे असतात. "काय, कुणाच्या पारड्यात टाकलंत?" असा प्रश्न येतो आणि आपण हसून म्हणतो, "टाकायचं त्याच्या टाकलं." ह्या उत्तरामागे कधी नुसता विनोद असतो, कधी संकोच असतो आणि कधी खरीखुरी भीतीही असते. कोणाची नोकरी दुसऱ्याच्या मर्जीवर असते, कोणाची जमीन दुसऱ्याच्या नावावर असते, कोणाला भावकीत राहायचे असते. सासरच्या पक्षाला मत न देणारी सूनही ह्यातच आली. मनातले मत उघड सांगता येत नाही ही रुखरुख ह्या सर्वांना असते. परंतु ते सांगण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, हा हक्क आपल्या आधीच्या लोकांनी मोठी किंमत देऊन मिळविलेला आहे. त्या हक्काची कुळकथा आज थोडक्यात सांगावयाची आहे.

ह्या प्रश्नाचा विचार आपल्या देशात फार प्राचीन काळी झाला होता. बौद्ध भिक्षुसंघात वाद मिटला नाही म्हणजे शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटून बहुमत घेत. विनयपिटकातील चुल्लवग्गात त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : एक गुप्त, एक कानात कुजबुजून आणि एक उघड. गुप्त प्रकारात निरनिराळ्या रंगांच्या शलाका असत. शलाका देणारा भिक्षू प्रत्येकाला सांगे की ही अमुक मताची, ही तमुक मताची, हवी ती घे आणि कोणाला दाखवू नकोस. संविधान सभेत 25 नोव्हेंबर 1949 रोजी केलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी संघाच्या ह्याच कार्यपद्धतीचा आवर्जून उल्लेख केला होता. तथापि एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. शलाका मोजल्यावर अधर्मवाद्यांचे बहुमत दिसले, तर ते मतदान सदोष ठरवून रद्द करण्याची मुभाही त्याच ठिकाणी दिलेली आहे! म्हणजे ही गुप्तता धर्माच्या रक्षणासाठी होती. दुबळ्या माणसाला निर्भय करावे हा विचार निराळा आहे आणि तो पुष्कळ अलीकडचा आहे.

त्या विचारासाठी आपल्याला इंग्लंडकडे वळावे लागते. लोकशाहीचे माहेरघर म्हणून ज्याचे गोडवे आपण शाळेत गायिलो, त्या देशात 1872 पर्यंत पार्लमेंटचे मत चारचौघांत, मोठ्याने, नाव घेऊन द्यावे लागे. कारकून समोर वही उघडून बसलेला असे. दोन्ही उमेदवारांची माणसे शेजारी उभी असत. मतदाराने पुढे व्हावे, आपले नाव सांगावे, आपण कोणाला मत देतो ते सांगावे, आणि कारकुनाने ते लिहून घ्यावे, अशी ती रीत. भोवती जमलेली गर्दी जयजयकार करी किंवा शिव्या देई. प्रसंगी चिखलही उडे. मतदान चालू असतानाच बेरजा बाहेर फुटत, त्यामुळे कोणाचे मत कितीला विकत घ्यावे ह्याचा भाव दुपारनंतर चढत जाई. पुढे ह्या वह्या छापून विकल्या जात. पोल-बुक म्हणून ओळखली जाणारी ही पुस्तके आज इतिहाससंशोधकांना सोन्याची खाण वाटतात, कारण अमुक गल्लीतल्या चांभाराने किंवा खाटकाने मत कोणाला दिले ते त्यांत नावानिशी सापडते. त्या चांभाराला आणि खाटकाला मात्र ती छापील पाने काय वाटत असतील, ह्याची कल्पना करावी.

खेड्यांत ह्याचे रूप अधिक उग्र होते. 1832 च्या सुधारणा कायद्याने मताधिकार वाढविला हे खरे. परंतु वर्षाला 50 पौंड खंड भरणाऱ्या, कसलाही पट्टा नसलेल्या कुळांनाही त्याने मत दिले. वरवर पाहता हे औदार्य होते. प्रत्यक्षात ज्या कुळाला जमीनदार मर्जीला येईल तेव्हा काढू शकतो त्याच्या हाती मत देणे म्हणजे ते जमीनदाराच्याच खिशात घालणे होते. मतदानाच्या दिवशी जमीनदाराचा कारभारी कुळांचा तांडा घेऊन केंद्राकडे निघे. नेवार्क येथे 1829 च्या पोटनिवडणुकीत न्यूकॅसलच्या ड्यूकने आपल्या उमेदवाराविरुद्ध गेलेल्या कुळांना घरे सोडण्याच्या नोटिसा दिल्या. त्यावरून गवगवा झाला तेव्हा त्याने लॉर्डांच्या सभेत उलट विचारले की, जे माझे आहे त्याचे मी वाटेल ते करू नये काय. ह्या प्रश्नात त्याला काही वावगे वाटत नव्हते, हीच त्या काळाची खूण.

शहरांतील दुकानदाराची कोंडी तर दुहेरी होती. श्रीमंत गिऱ्हाईकाच्या मनाविरुद्ध मत द्यावे तर त्याचे खाते बंद होणार. श्रीमंताच्या मनासारखे द्यावे तर ज्यांना मतच नव्हते असे कारागीर आणि मजूर दुकानावर बहिष्कार टाकणार. जहालांनी हे शस्त्र जाणूनबुजून वापरले. मतदाराला धाक घालण्याचे काम फक्त वरच्या वर्गाने केले असे मानणे म्हणजे इतिहासाला सोयीस्कर वळण देणे होय.

गुप्त मतदानाची मागणी ग्रीसचा प्रख्यात इतिहासकार जॉर्ज ग्रोट ह्याने 1833 पासून 1839 पर्यंत कॉमन्स सभेत पुनःपुन्हा मांडली आणि प्रत्येक वेळी ती पडली. 1838 च्या जनतेच्या सनदेतील सहा मागण्यांतही ती होती. विरोधकांचा युक्तिवाद असा की, लपून मत देणे हे इंग्रजाला शोभत नाही. मर्दाने आपले मत छातीठोकपणे सांगावे. ज्याच्या छातीवर घर गमावण्याचे संकट नाही त्याला असे बोलणे सोपे असते. परंतु विरोधकांत एक माणूस असा होता की ज्याचे म्हणणे असे उडवून लावता येत नाही. जॉन स्टुअर्ट मिलचा बाप जेम्स मिल गुप्त मतदानाचा कट्टर पुरस्कर्ता; मुलाने मात्र पूर्वीचे मत बदलून 1861 मध्ये प्रातिनिधिक शासनावरील आपल्या ग्रंथात त्याच्या विरुद्ध लिहिले. मत ही मतदाराची खाजगी मालमत्ता नसून समाजाने सोपविलेली ठेव आहे, तेव्हा ठेवीचा विनियोग लोकांच्या डोळ्यांदेखत झाला पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन. हा विचार उदात्त आहे. तो वाचताना वारंवार वाटते की मिलने एखाद्या कुळाच्या झोपडीत एक रात्र काढली असती तर बरे झाले असते.

उत्तर आले ते साता समुद्रांपलीकडून. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया ह्या वसाहतींनी 1856 मध्ये गुप्त मतदानाचे कायदे केले. त्यांतील खरी युक्ती पेटीत नव्हती, कागदात होती. त्यापूर्वी अन्यत्र चिठ्ठी टाकण्याची पद्धत होती, पण चिठ्ठ्या पक्षच छापून देत. अमेरिकेत तर त्या रंगीत असत, म्हणजे हातातली चिठ्ठी दुरून ओळखू येई. आता सरकारनेच सर्व उमेदवारांची नावे असलेला एकसारखा कागद छापावा, मतदाराने आडोशाला जाऊन त्यावर खूण करावी आणि घडी घालून पेटीत टाकावा, एवढीच ही साधी गोष्ट. अर्थात जो वाचू शकत नाही त्याची ह्यात अडचण होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनी तिचाच फायदा घेऊन पुढे असंख्य कृष्णवर्णीयांना मतापासून दूर ठेवले.

इंग्लंडची कानउघाडणी 1868 च्या निवडणुकीने केली. वेल्समधील कार्डिगनशर आणि कार्मार्थनशर ह्या परगण्यांत उदारपक्षाला मते देणाऱ्या अनेक कुळांना जमीनदारांनी शेतांवरून हुसकून लावले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते, घरे, गोठे सोडून ती कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांच्यासाठी वर्गणी जमवावी लागली. हे प्रकरण पार्लमेंटात गाजले. 1871 मध्ये लॉर्डांच्या सभेने गुप्त मतदानाचे विधेयक फेटाळले, परंतु पुढच्या वर्षी त्यांना नमते घ्यावे लागले आणि 18 जुलै 1872 रोजी कायदा झाला. तोही भीत भीत : आठ वर्षांची मुदत घालून. त्यानंतर 1918 पर्यंत त्याची मुदत वर्षावर्षाने वाढवीत राहावे लागले!

ह्या कायद्याखाली पार्लमेंटची पहिली निवडणूक यॉर्कशरमधील पाँटेफ्रॅक्ट ह्या गावी झाली. दिवस होता 15 ऑगस्टचा. आपल्याला ही तारीख लक्षात ठेवायला सोपी. हे गाव ज्येष्ठमधाच्या वड्यांबद्दल प्रसिद्ध. मतपेटीवर लाखेची मोहोर करायची, तर वड्यांवर किल्ल्याचा आणि घुबडाचा ठसा उठविणारा कारखान्यातला शिक्काच वापरला गेला. ती पेटी अद्यापि जपून ठेवलेली आहे. जमलेल्या जाणत्या लोकांना नवल वाटले ते शांततेचे. आरडाओरड नाही, दंगा नाही, आणि दारूही नेहमीपेक्षा कितीतरी कमी प्याली गेली. लाचलुचपत एका दिवसात संपली नाही, तिच्यासाठी 1883 चा आणखी एक कायदा लागला. आयर्लंडमध्ये मात्र परिणाम लागलीच दिसला. तेथे 1874 च्या निवडणुकीत स्वराज्यवादी पक्षाचे सुमारे 60 सभासद निवडून आले. जमीनदारांच्या कारभाऱ्यांनी तोवर ज्यांना मुके समजले होते, त्यांचे मन त्या पेटीतून बाहेर पडले.

स्वतंत्र भारतापुढे 1951-52 मध्ये जो प्रश्न होता तो इंग्लंडपुढे कधीच नव्हता. 17 कोटींहून अधिक मतदार, त्यांतील फार मोठा भाग निरक्षर. कागदावरची नावे वाचणार कोण? पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांच्या कारकीर्दीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवण्यात आली आणि पेटीवर चिन्ह चिकटविण्यात आले. वीस लाखांहून अधिक पोलादी पेट्या लागल्या. त्यांतल्या पुष्कळशा विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. ह्या व्यवस्थेत एक फट होती. कोऱ्या मतपत्रिकेवर कसलीच खूण करावयाची नसल्यामुळे ती पेटीत न टाकता पदराआड बाहेर आणून विकणे शक्य होते. म्हणून सर्व चिन्हे एकाच कागदावर छापून शिक्का मारण्याची पद्धत आली आणि 1962 पर्यंत ती बहुतेक सर्वत्र रूढ झाली. त्याच पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. जिला नावही उघड करता येत नाही, तिला मताचा आडोसा मिळून काय उपयोग, असा प्रश्न सेनांना पडला असेल तर नवल नाही.

गोमंतकातील श्रोत्यांना ह्या आडोशाचे मोल निराळे समजवावयाला नको. तेथे 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे असेल तर फूल, केंद्रशासित राहावयाचे असेल तर दोन पाने. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. प्रश्न नुसता कारभाराचा नव्हता. भाषेचा, धर्माचा, जातीचा, कुळ आणि भाटकार ह्यांच्या नात्याचा, असे सारेच धागे त्यात गुंतले होते. मराठी वृत्तपत्रेही दुभंगलेली होती : 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, तर 'राष्ट्रमत' मराठीतूनच त्याच्या विरुद्ध. पोर्तुगीज सत्ता जाऊन जेमतेम पाच वर्षे झालेली, मोकळेपणाने मत देण्याची सवय नवी, आणि प्रश्न असा की एका पंगतीला बसणाऱ्या भावांनाही तो वेगळे करील.

निकाल लागला : दोन पानांना 1,72,191 मते आणि फुलाला 1,38,170. फरक 34,021 मतांचा. आता गंमत पाहा. विलीनीकरणाचा झेंडा घेऊन उभ्या राहिलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ह्याच मतदारांनी 1963 मध्ये सत्तेवर बसविले होते. आणि कौलानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, मार्च 1967 मध्ये, त्याच पक्षाला पुन्हा निवडून दिले. म्हणजे बांदोडकर हवेत परंतु विलीनीकरण नको, असे म्हणणारे लोक होते आणि त्यांची संख्या निर्णायक होती. हे लोक कोण? ते सभांना गेले असतील, घोषणांत सूरही मिळविला असेल. त्यांनी आपले मन बहुधा कोणापाशीच उघड केले नाही. मतदान उघड असते तर हे दोन कौल एकाच हाताने दिले गेले असते काय, ह्याची मला दाट शंका आहे. ज्यांना विलीनीकरण मनापासून हवे होते त्यांच्या पदरी निराशा आली, आणि ती खरी होती. पण हरलेल्या बाजूलाही आपल्या आळीतला फितूर कोण हे हुडकून काढता आले नाही. गावे पुन्हा एकत्र नांदू लागली त्यात ह्या अज्ञानाचा वाटा लहान नसावा.

आपल्या 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट कलम आहे की मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातसुद्धा, करता येणार नाही. 27 सप्टेंबर 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण आणखी पुढे नेले. तोपर्यंत ज्याला एकही उमेदवार पसंत नसे त्याला केंद्रावरील नोंदवहीत तसे लिहवून सही करावी लागे, म्हणजे त्याचे मन तेवढे सर्वांसमक्ष उघडे पडे. 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण यंत्रावर आले ते ह्याच कारणाने. उलटपक्षी राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी अशी दुरुस्ती 2003 मध्ये झाली आणि 2006 मध्ये न्यायालयाने ती वैध ठरविली. मिलच्या ठेवीच्या विचाराला अशा रीतीने एक जागा सापडली : मतदाराच्या ठिकाणी नव्हे, तर त्याच्या प्रतिनिधीच्या ठिकाणी.

एक फट अद्यापि राहिली आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांवरील पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद होती. मतदानयंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसू लागला. अनेक यंत्रांची बेरीज एकदम करणारे उपकरण वापरावे असे निवडणूक आयोगाने 2008 मध्ये सुचविले, विधी आयोगाने 2015 मध्ये त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने मात्र ते मान्य केले नाही. मोठ्या शहरात ह्याने काही बिघडत नाही. परंतु जेथे एका केंद्रावर तीनचारशेच मते असतात, तेथे मोजणीच्या दुसऱ्या दिवशी उमेदवाराचे कार्यकर्ते केंद्रवार तक्ता पुढ्यात घेऊन बसतात. नाव त्यावर कोणाचेच नसते. तरीपण वरची आळी कोणती आणि खालची वाडी कोणती, हे त्यांना त्यावरून बिनचूक समजते, आणि पुढच्या पाच वर्षांत नळ कोठे प्रथम जायचा आणि रस्ता कोठे थांबायचा, ह्याचा हिशेब त्याच तक्त्यावर मांडला जातो.