पेटंटच्या अर्जाची कुळकथा

‘हापूसचं पेटंट’ हे शब्द रत्नागिरीत इतके सर्रास वापरले जातात की चूक दाखवणाराच आगाऊ ठरतो. ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला मिळालं ते भौगोलिक मानांकन. ते मुलखाच्या मालाला मिळतं, कुणा एका संशोधकाला नाही. पेटंट म्हणाल, तर झाडं, वाणं, बियाणं यांना ते आपल्याकडे मिळतच नाही. हापूसचं कलम 1970 च्या कायद्यातल्या कलम 3 मध्येच अडकतं! आंबा उतरवायच्या नव्या झेल्याला मात्र पेटंट मिळू शकतं. त्यासाठी अर्ज लिहावा लागतो, आणि त्या अर्जाचं मूळ निघतं कलकत्त्यात, साहेबाच्या डोक्यावरच्या पंख्याशी.

साल 1856. त्याच वर्षी जुलैत इकडे रत्नागिरीत टिळकांचा जन्म झाला. तिकडे फेब्रुवारीअखेर कंपनी सरकारने शोधांना ‘अनन्य हक्क’ देणारा कायदा केला आणि आठवड्याच्या आत, 3 मार्चला, जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या सिव्हिल इंजिनिअरचा अर्ज दाखल झाला. शोध होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा. छताला टांगलेली कापडी झालर आणि तिची दोरी ओढत बसलेला पंखेवाला हे त्या काळच्या प्रत्येक कचेरीतलं दृश्य. डीपेनिंगने आधी नुसता अर्ज केला. यंत्राचं सविस्तर वर्णन आणि आकृत्या त्याने 2 सप्टेंबरला दिल्या, आणि हिंदुस्थानातला पहिला हक्क त्याच्या नावावर लागला. आधी दावा नोंदवायचा आणि सविस्तर कागद मागाहून द्यायचे, ही रीत आजही जिवंत आहे. डीपेनिंगचं नाव लावणारी पेटंट-एजंटांची पेढीसुद्धा आजही चालू आहे.

गंमत अशी की, लोकांच्या अर्जांत खोट काढणारा हा कायदा स्वतःच खोटा निघाला. इंग्लंडच्या राणीची आगाऊ मंजुरीच घेतली नव्हती. 1857 मध्ये तो रद्द झाला आणि 1859 मध्ये नव्याने आला.

वर्णन देण्याची सक्ती त्याहून जुनी. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात ती रुळली, आणि 1778 मध्ये न्यायमूर्ती मॅन्सफिल्ड यांनी तिला धार दिली: लेखी वर्णन वाचून त्या धंद्यातल्या माणसाला ती वस्तू करता आली पाहिजे. गुपित सांगायचं आणि बदल्यात काही वर्षं मक्तेदारी घ्यायची, असा हा उघड सौदा. वर्णनाच्या शेवटी ‘माझं ते एवढंच’ असं बोट ठेवून सांगणारे दावे अमेरिकेने 1836 च्या कायद्यात सक्तीचे केले. मुंबईत 1867 मध्ये जन्मलेले शंकर आबाजी भिसे आपली छापखान्याचे टाइप ओतण्याची यंत्रं घेऊन आधी लंडनला आणि मग न्यूयॉर्कला गेले, तेव्हा त्यांनाही या दोन्ही देशांच्या चाकोरीतून जावं लागलं.

खरी कारागिरी दाव्यांत असते. समजा, एका बागायतदाराने नवा झेला केला. त्याला विचारा, तो सांगेल: बांबूची काठी, तिला लोखंडी कडं, कड्याला सुतळीची जाळी आणि वर पातं. असाच दावा लिहिला तर शेजारी अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आणि नायलॉनची जाळी लावून खुशाल निसटेल. म्हणून एजंट बांबू, लोखंड, सुतळी सगळं खोडतो: ‘एक दांडा, त्याच्या टोकाला फळ धरणारं साधन आणि देठ कापणारी धार.’ पण आता जाळं फारच मोठं झालं. देठासकट आंबा काढणारा, म्हणजे चीक सालीवर ओघळू न देणारा ‘नूतन झेला’ दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कधीच दिला आहे. पेटंट कार्यालयाचा परीक्षक तोच पुढे करील. मग बागायतदाराला पुन्हा खोदून विचारायचं: तुझ्यात नवं काय? पातं खालून दोरीने मिटतं? मग ते पहिल्या दाव्यात घालायचं, आणि बांबू-सुतळी नंतरच्या दाव्यांत. प्रत्येक दावा एकाच वाक्याचा, मग ते वाक्य पानभर का होईना. वकिली मराठीला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा हे लिहून पाहावं.

बाकी वाट सरळ आहे. रत्नागिरीचा अर्ज मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतो आणि ऑनलाइन भरता येतो. अर्ज फॉर्म 1 मध्ये, वर्णन फॉर्म 2 मध्ये. एकट्या व्यक्तीला दाखल करण्याची मूळ फी 1600 रुपये आहे. तपासणीची फी वेगळी. एजंट परीक्षा देऊन नोंदलेला असतो आणि त्याचं मानधन याच्या कैक पट असतं. एजंट नेमलाच पाहिजे असा नियम नाही, पण दावे स्वतः लिहायचं धाडस मी तरी कुणाला सुचवणार नाही. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं चालतं.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. आपणच जगजाहीर केलेली वस्तू, थोडे अपवाद सोडले तर, कायद्याला नवी वाटत नाही. तेव्हा बागेत काही सुचलं असेल, तर आधी तात्पुरत्या वर्णनाचा अर्ज टाका. पूर्ण वर्णन द्यायला त्यापुढे 12 महिने मिळतात. कृषी प्रदर्शनातला स्टॉल आणि मोबाइलवरचा व्हिडिओ त्यानंतर.