तबकडीच्या प्रतींची कुळकथा

एडिसनने १८७७ साली आवाज नळकांड्यावर धरून ठेवला. पण नळकांड्याच्या प्रती काढणे जिकिरीचे होते. सुरुवातीला गायकाला तेच गाणे पुन्हापुन्हा म्हणावे लागे.

ही कोंडी फोडली एमिल बर्लिनरने. जन्म हॅनोवरचा, कर्मभूमी अमेरिका. १८८७ मध्ये त्याने ग्रामोफोनचे पेटंट घेतले आणि पुढे सपाट तबकडी आणली. मेणाचा थर दिलेल्या जस्ताच्या तबकडीवर सुई रेघ ओढी, आम्ल त्या रेघेची खाच करी. तिच्यावर धातूचा लेप चढवून सोलून काढला की उलटा ठसा मिळे. त्या ठशाने हव्या तेवढ्या प्रती दाबता येत. आधी कडक रबराच्या, नंतर लाखेच्या. ही लाख मुख्यतः भारतातून जाई. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा प्रती दाबण्यासाठी मूळ मुद्रणे हॅनोवरला गेली. बर्लिनरने १८९८ मध्ये तिथे कंपनी काढली होती.

त्याच कंपनीच्या वारसदार पॉलिग्रामने १९८२ मध्ये हॅनोवरजवळच्या लांगेनहागेनला सीडी काढायला सुरुवात केली. सुईच्या जागी लेसर आला, जस्ताच्या जागी प्रकाशाला संवेदनशील थर दिलेली काच. पण धातूचा ठसा कायम राहिला, आता तो निकेलचा. वितळलेले पॉलिकार्बोनेट त्या ठशावर दाबायचे, वर ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लॅकर.

ठसा घडवणे महाग. मोठ्या संख्येने प्रती काढल्या तरच ते परवडते. पन्नास प्रती हव्या असणाऱ्यांसाठी डुप्लिकेटर आला. एका खोक्यात एक वाचणारा ड्राइव्ह, सोबत ओळीने लिहिणारे ड्राइव्ह आणि सर्वांना चालवणारा कंट्रोलर. संगणकाची गरज नाही. मूळ सीडीवरची माहिती वाचली जाते आणि ती एकाच वेळी सगळ्या कोऱ्या सीडींकडे जाते. कोऱ्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. लेसरने तापलेल्या जागी तो बदलतो आणि तिथून प्रकाश कमी परततो. वाचणाऱ्या ड्राइव्हला ती जागा खाचेसारखीच भासते.

इथे प्रत्येक प्रत नव्याने लिहिली जाते, म्हणून ठसा संपला असे वाटेल. पण लेसर भरकटू नये म्हणून कोऱ्या सीडीत आधीच एक सर्पिल खाच असते, आणि ती कारखान्यात ठशानेच उमटवलेली असते. ठशाशिवाय प्रत काढणारे हे यंत्रही बर्लिनरच्याच युक्तीवर उभे आहे.