निर्णायक मताचा बागुलबुवा

सरकार काठावर आले की दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. १४५ जमतात का? आणि नाहीच जमले, समसमान झाले, तर अध्यक्ष कोणाचे? दुसऱ्या प्रश्नामागे एक पक्की समजूत आहे. अध्यक्षाला इतर आमदारांसारखे एक मत असते, बरोबरी झाली की आणखी एक मिळते, आणि हे जादा मत म्हणजे सत्ताधाऱ्यांनी राखून ठेवलेला हुकमाचा पत्ता. अध्यक्षपदासाठी पक्ष इतके हातघाईवर येतात ते त्यासाठीच, असेही वर सांगितले जाते. पक्ष हातघाईवर येतात हे खरे. त्याचे हे कारण मात्र खोटे आहे.

आधी संविधान पाहू. राज्यांच्या विधिमंडळांसाठी अनुच्छेद १८९ आणि संसदेसाठी अनुच्छेद १०० सांगतो, की प्रश्नाचा निकाल हजर राहून मत देणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने लागेल आणि या मोजणीत पीठासीन व्यक्ती धरली जाणार नाही. तिने सुरुवातीला मत द्यायचेच नाही. मते समसमान पडली तर मात्र ते द्यायचे, आणि तिथेही ‘वाटल्यास’ अशी सवलत नाही. म्हणजे जादा मत नव्हेच. सदस्याचे जे एक मत असते तेच अडवून ठेवलेले, आणि अडचण आली तरच मोकळे केलेले.

शंका असेल त्याने अनुच्छेद १८१ वाचावा. अध्यक्षाला पदावरून दूर करण्याचा ठराव विचारात असतो तेव्हा तो खुर्चीवर बसत नाही. अशा वेळी त्याला इतरांबरोबर पहिल्या फेरीतच मत देता येते, पण बरोबरी झाल्यास देता येत नाही. एक हाती आले की दुसरे गेले. राज्यसभेचे सभापती असलेले उपराष्ट्रपती त्या सभागृहाचे सदस्यच नसतात. त्यांना हटवण्याचा ठराव आला तर अनुच्छेद ९२ त्यांना मताचा अधिकारच देत नाही. घटनाकारांना दोन मतांचा अध्यक्ष नको होता, हे यापेक्षा स्वच्छ कसे लिहिणार?

१४५ च्या आकड्याचेही तसेच. सरकार बनवताना राज्यपालांपुढे तो दाखवावा लागतो, एवढे त्याचे महत्त्व. सभागृहात मोजले जातात ते मत देणारे. विलासराव देशमुखांनी जून २००२ मध्ये विश्वासदर्शक ठराव जिंकला तो १४३ विरुद्ध १३३ मतांनी. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ च्या सभागृहात १४३ म्हणजे निम्म्याहूनही कमी. सरकार तरीही शाबूत राहिले. त्या मतदानाआधी काही आमदार अपात्र ठरले होते. हा तपशील लक्षात असू द्यावा, पुढे लागेल.

आता समजा, निर्णायक मत नावाची गोष्टच नसती. बरोबरी झालेल्या ठरावाचे काय झाले असते? तो पडला असता, कारण मंजुरीला बहुमत लागते आणि बरोबरी म्हणजे बहुमत नव्हे. ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात पीठासीनाला असे मत नाही, आणि तिथले कामकाज काही अडून बसत नाही. म्हणजे अध्यक्षाने ‘नाही’ म्हटले तर त्याने निकालात काहीच बदल केलेला नसतो. ‘होय’ म्हटले तरच बदलतो.

आणि संसदीय रिवाज त्याला ‘होय’ म्हणण्यापासून बहुतेक वेळा रोखतो. १८६७ मध्ये कॉमन्सचे स्पीकर डेनिसन यांनी हे तत्त्व मांडले: चर्चेला आणखी वाव राहत असेल तर तो ठेवावा; नसेल तर आहे ती स्थिती राखावी; सभागृहात नसलेले बहुमत अध्यक्षाने आपल्या मताने उभे करू नये. १९९३ मध्ये मास्ट्रिक्ट करारावरील मतदानात ३१७ विरुद्ध ३१७ झाले तेव्हा स्पीकर बेटी बूथरॉइड यांनी दुरुस्तीच्या विरोधात मत दिले. (गंमत अशी, की नंतर मोजणीतच चूक निघाली, बरोबरी झालीच नव्हती.) त्या मूळच्या मजूर पक्षाच्या आणि दुरुस्तीही मजूर पक्षाचीच. ब्रेक्झिटच्या गोंधळात, एप्रिल २०१९ मध्ये, ३१० विरुद्ध ३१० झाले. स्पीकर जॉन बर्को ब्रेक्झिटविरोधकांना झुकते माप देतात असा आरोप तेव्हा रोज होत होता, तरी त्यांनी रिवाजाचा दाखला देऊन विरोधकांच्या दुरुस्तीला ‘नाही’ म्हटले. कॅनडात २००५ मध्ये अर्थसंकल्पाशी निगडित विधेयकावर १५२ विरुद्ध १५२ झाले, तिथे पीटर मिलिकन यांनी ‘होय’ म्हटले. पण विधेयक दुसऱ्या वाचनाच्या टप्प्यावर होते आणि पुढची चर्चा चालू राहावी हाच हेतू. आपल्या राज्यसभेत १९९१ मध्ये एका अध्यादेशाला नापसंती दर्शवणाऱ्या ठरावावर ३९ विरुद्ध ३९ झाले, आणि पीठासीनांचे मत ठरावाच्या विरोधात पडले. अध्यादेश होता तसा राहिला.

अध्यक्षाचे मत पक्षाचेच, ही कल्पना अमेरिकी बातम्यांवरून पक्की झाली असावी. तिथे सिनेटमध्ये बरोबरी झाली की उपाध्यक्ष उघड पक्षासाठी मत देतात. कमला हॅरिस यांनी ३३ वेळा दिले. पण ते पद निवडणुकीतच पक्षाच्या तिकिटावर मिळते आणि तटस्थतेचा आव कोणी आणत नाही. ते माप आपल्या खुर्चीला लावू नये.

आता १७ एप्रिल १९९९. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे पडले, आणि ‘गिरिधर गमांग यांच्या एका मताने सरकार गेले’ हे वाक्य तेव्हापासून घोकले जाते. गमांग गैरहजर राहिले असते तर? २६९ विरुद्ध २६९. सरकार तरीही जिंकत नव्हते. डेनिसनचे तत्त्व काटेकोरपणे लावले तर लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी यांनी विश्वासाचे बहुमत स्वतःच्या मताने उभे करायला नको होते. आहे ती स्थिती म्हणजे सत्तेवरचे सरकार, असाही अर्थ कोणी लावील. मला तो पटत नाही. ठराव विश्वासाचा होता, कारण राष्ट्रपती नारायणन यांनी बहुमत सिद्ध करायला सांगितले होते. विरोधकांना अविश्वास ठराव आणावा लागला असता तर त्याच बरोबरीत तो फेटाळला जाऊन सरकार टिकले असते. आकडे तेच, निकाल उलटा. पीठासीनाच्या मताहून ठरावाच्या शब्दांना अधिक वजन आहे, आणि त्याची चर्चा कोणी करत नाही.

त्या दिवसातली खरी गोष्ट मतदानाआधी घडली. गमांग दोन महिन्यांपूर्वी ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, खासदारकी सोडलेली नव्हती. त्यांना मत देऊ द्यायचे की नाही हा प्रश्न बालयोगी यांच्यापुढे आला. त्यांचा तेलुगू देसम पक्ष सरकारच्या बाजूचा होता. तरी त्यांनी रोखले नाही. निर्णय गमांग यांच्या विवेकावर सोडला.

इथे कोणी गोव्याचे नाव घेईल, आणि घ्यावेच. २००५ मध्ये प्रतापसिंह राणे यांचे सरकार हंगामी सभापती फ्रान्सिस सार्दिन यांच्या निर्णायक मतावर तरले. पण ते मत वापरायची वेळ का आली? आमदार माथानी साल्ढाणा यांना मतदानापासून रोखले म्हणून. त्याआधी फेब्रुवारीत पर्रीकर सरकारच्या वेळीही सभापतींनी एका आमदाराला असेच बाहेर ठेवले होते. दोन्ही पक्षांनी आलटून पालटून एकच हत्यार वापरले, आणि ते निर्णायक मत नव्हते. ४ मार्चला राष्ट्रपती राजवट आली.

अध्यक्षपदाची झुंज चालते ती याचसाठी: कोणाला अपात्र ठरवायचे, कोणाच्या अपात्रतेचा निर्णय महिनोन्महिने लांबवायचा, कोणाचा राजीनामा स्वीकारायचा. म्हणून पुढच्या वेळी विश्वासदर्शक ठराव आला की समसमान झाले तर काय, ही चर्चा वाहिन्यांवर सोडून द्या. मतदानापूर्वी मत देण्याचा अधिकार कोणाकोणाचा गेला आणि तो कोणाच्या सहीने गेला, ती यादी मागा.