दिग्रसची वेलांटी

आमच्या दिग्रसचं नाव बघा. पहिली वेलांटी दिसते 'द'च्या डावीकडे, उच्चारात मात्र 'द' आधी. एवढ्याशा गोष्टीवर मराठी वेबसाइट्स कित्येक वर्षं अडून होत्या!

२०००च्या आसपास मराठी वर्तमानपत्रांच्या साइट्सवर ज्याचा त्याचा वेगळा फॉन्ट. तो उतरवला की आपल्याला मराठी दिसायची. पण संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हतीच, इंग्रजी अक्षरांना चढवलेले मराठी मुखवटे होते ते. वेलांटीही दिसते तशीच, आधी साठवलेली. डोळस माणसाचं भागायचं. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, आतलं वाचतो; त्याला ऐकू यायची इंग्रजी अक्षरांची खिचडी.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती. विंडोज २०००बरोबर मंगल फॉन्ट आला आणि मग मनोगत (२००४), आपले ब्लॉग... दिग्रस झालं द, वेलांटी, ग, हलन्त, र, स. बोलतो त्याच क्रमाने. आपण कौतुक करतो ते गूगलवर मराठी सापडते याचं. माझ्या मते खरी सोय झाली ती कानांनी वाचणाऱ्यांची. २००६मध्ये सुरू झालेला एनव्हीडीए तर फुकट मिळतो, मराठीही वाचतो.

पण लिपी सुटली तरी वाट सापडायला हवी ना? स्क्रीन रीडर वापरणारा मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारत जातो. आपण मथळा नुसता ठळक करून सोडला, तर त्याच्यासाठी तो मथळाच नाही. आणि स्कॅन करून चढवलेला कागद? ते तर पुन्हा चित्रच.