बोर्न, सॅम्युएल : हिमालयातील छायाचित्रण-सफरी

बोर्न, सॅम्युएल : (३० ऑक्टोबर १८३४–२४ एप्रिल १९१२). ब्रिटिश छायाचित्रकार. १८६३ ते १८६६ या काळात त्याने हिमालयात तीन मोठ्या सफरी केल्या आणि सतलजचे खोरे, चंबा, काश्मीर, कुलू, लाहूल, स्पिती व गंगोत्री या मुलखांतील अरण्ये, तळी, खिंडी आणि हिमनद्या काचेवर उतरवल्या. समोर पाणी, कडेला झाड आणि मागे बर्फ ही डोंगरी निसर्गचित्राची मांडणी आज कॅलेंडरपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दिसते. भारतात ती रुजवणाऱ्यांत बोर्नचे नाव पहिल्या रांगेत येते. ती काही अंशी त्याच्या इंग्रजी आवडीनिवडीतून आली, आणि काही अंशी तो वापरत असलेल्या रसायनांच्या मर्यादांतून.

बोर्नचा जन्म इंग्लंडमधील श्रॉपशर–स्टॅफर्डशर सीमेवरच्या मकलस्टोन गावचा. नॉटिंगहॅम येथे तो बँकेत कारकून होता आणि छायाचित्रण हा त्याचा फावल्या वेळचा नाद होता. १८५८ मध्ये त्याने लेक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडच्या तलावांच्या प्रदेशात कॅमेरा घेऊन भटकंती केली. शांत पाणी, काठावरची गर्द झाडी आणि मागे मऊ उताराच्या टेकड्या असा हा प्रदेश. चित्रकारांनी त्याला आधीच ‘चित्रमय’ ठरवून टाकले होते. तिथे तयार झालेली नजर बोर्नने पुढे हिमालयातही बरोबर नेली. बँकेची नोकरी सोडून १८६३ च्या आरंभी तो कलकत्त्यास आला आणि तेथून सिमल्याला गेला. विल्यम हॉवर्ड या छायाचित्रकाराशी त्याची भागीदारी झाली. पुढे चार्ल्स शेफर्ड तिच्यात आला. हॉवर्ड बाहेर पडल्यावर ‘बोर्न अँड शेफर्ड’ हे नाव कायम झाले. शेफर्डने छपाई सांभाळायची आणि बोर्नने फिरायचे, अशी साधारण वाटणी होती.

त्या काळची रीत ओल्या कोलोडियनची. आम्लांत मुरवलेला कापूस ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवला की चिकट, वाहता द्राव मिळतो, तो कोलोडियन. त्यात आयोडाइड व ब्रोमाइड क्षार मिसळून तो लखलखीत पुसलेल्या काचेवर ओतायचा. मग काच चारी कोपऱ्यांकडे कलती करत थर सारखा पसरवायचा आणि उरलेला द्राव एका कोपऱ्यातून परत बाटलीत ओघळू द्यायचा. थर जरा आवळला की अंधाऱ्या तंबूत काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायची. एवढे झाले की काच प्रकाश टिपण्यास तयार होते, आणि तिथूनच घाई सुरू होते. थर वाळला तर त्यात पुढची रसायने शिरत नाहीत. म्हणून काच कॅमेऱ्यात घालणे, झाकण काढून चित्र घेणे, तंबूत परतून हिराकसाच्या द्रावाने ते उमटवणे, धुणे आणि पक्के करणे हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. ईथर ३५° से.च्या जरा खालीच उकळते, त्यामुळे उन्हात ही मुदत आणखी आखडे; उलट खिंडीतल्या गारठ्यात रसायनेच मंदावत. ओल्या थरावर बसलेला धुळीचा एक कण पांढरा किंवा काळा ठिपका होऊन कायम राही.

निगेटिव्ह मोठे करून छापण्याची रीत तेव्हा फारशी नव्हती. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला, चांदीच्या क्षाराने संवेदनशील केलेला कागद काचेला भिडवून उन्हात ठेवायचा आणि चित्र छापून घ्यायचे, ही पद्धत होती. जेवढी काच तेवढेच चित्र. मोठे चित्र विकायचे तर मोठी काच डोंगरावर न्यावीच लागे. बोर्नच्या मुख्य काचा १२ × १० इंचांच्या होत्या. काश्मीरच्या सफरीसाठी निघताना त्याच्या सामानात सुमारे ६५० काचा, दोन कॅमेरे, दहा फूट उंचीचा तंबू आणि रसायनांच्या दोन पेट्या होत्या, आणि ते वाहायला ४२ हमाल.

या हमालांविषयी बोर्नच्या चाहत्यांनी फार कमी लिहिले आहे. डोंगरी संस्थानांत आणि काश्मिरात प्रवासी साहेबाला गावोगावी माणसे पुरवावी लागत. दर ठरलेला असे, पण नाही म्हणण्याची सोय नसे. थोडक्यात ही वेठबिगारच. ऐन शेतीच्या दिवसांत काचांच्या पेट्या पाठीवर घेऊन अनोळखी खिंडी चढायला कोण राजी होणार? माणसे वाटेत ओझी टाकून पळत, गावात घरांत लपत. बोर्नने स्वतःच लिहून ठेवले आहे की तो काठी घेऊन त्यांना शोधायला गेला आणि मारहाण करून त्यांना कामाला लावले. हे त्याने पश्चात्तापाने नव्हे, प्रवासातली एक अडचण म्हणून सांगितले आहे. त्याच्या चित्रांत खडकावर बसलेली किंवा काठी टेकून उभी असलेली जी माणसे दिसतात, ती बहुधा दृश्याचे प्रमाण कळावे म्हणून उभी केलेली आहेत. चित्राच्या शीर्षकात ठिकाणाचे नाव असते, त्या माणसाचे नसते.

पहिली सफर २९ जुलै १८६३ रोजी सिमल्याहून निघाली. तिच्यात सुमारे ३० हमाल होते. सतलजच्या खोऱ्याने चिनीपर्यंत, म्हणजे किन्नौरमधील आजच्या कल्पापर्यंत जाऊन बोर्न १२ ऑक्टोबरला परतला, तेव्हा त्याच्याजवळ जवळजवळ दीडशे निगेटिव्ह होती. ही सफर फलदायी ठरली तरी तो नाराज होता. या डोंगरांत तळी नाहीत, संथ रुंद नद्या नाहीत, नजर विसावेल असे काही नाही, अशी त्याची तक्रार. तिला आवडीनिवडीइतकेच एक तांत्रिक कारण आहे. कोलोडियनला निळा-जांभळा प्रकाश चटकन कळतो. हिरवा आणि पिवळा जेमतेम, तांबडा जवळजवळ नाहीच. त्यामुळे निळे आकाश छपाईत कोरे पांढरे येते, ढग नाहीसे होतात आणि देवदाराचे रान शाईच्या डागासारखे काळे पडते. रानातला तपशील यावा म्हणून काच जास्त वेळ उघडी ठेवली तर बर्फाची शिखरे कोऱ्या आकाशात विरून जातात. शिखरांसाठी वेळ कमी केला तर खालचे रान जाते. तळे असले की हा पेच बराच सुटतो. पाणी आकाशाचा उजेड चित्राच्या खालच्या भागात आणते, काळ्या झाडीला उजळ कड मिळते आणि प्रतिबिंबामुळे वरचा-खालचा तोल सावरतो. शिवाय काचा धुवायला पाणी हाताशी असते, ही गोष्ट काही लहान नव्हे.

या हिशेबाने काश्मीर म्हणजे बोर्नला हवा होता तसा हिमालय. १७ मार्च १८६४ रोजी तो दुसऱ्या सफरीसाठी लाहोरहून निघाला. कांगडा, धरमशाला, डलहौसी आणि चंबा करत तो जूनमध्ये काश्मिरात पोहोचला. तेथे श्रीनगर, दल सरोवर, झेलमचे पूल आणि कालवे, सिंध नदीचे खोरे अशी चित्रे घेऊन बारामुल्ला–मरीच्या वाटेने तो वर्षअखेरीस सखल प्रदेशात उतरला. श्रीनगरजवळची पॉप्लर झाडांची सरळ रांग हे या सफरीतले सर्वांत गाजलेले चित्र. दोन्ही बाजूंनी उंच खोडे आत आत निमुळती होत जातात आणि रस्त्याच्या टोकाला उजेडाची एक फट तेवढी राहते. मांडणी पाठ्यपुस्तकी आहे, पण खोडांवरच्या सालीचा खरखरीतपणा मूळ छपाईत पाहिला की बोर्नचा हात किती पक्का होता ते कळते. वारा पडलेला असल्याशिवाय असे चित्र येत नाही. काच काही सेकंद उघडी राहिली की हलती पाने धुरकट होतात. ऊन चढून उतार तापले की खोऱ्यांतून वर वारे सुटतात, पाण्यावर लहरी उठतात आणि प्रतिबिंब मोडते. त्यामुळे सकाळच्या वेळेला मोल होते. आज कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र घेतो, तरी तळ्याकाठी पहाटे जाऊन बसण्याची रीत सुटलेली नाही.

बोर्न चंब्यातून गेला त्याच १८६४ साली तेथील राजाने राज्यातील जंगले ब्रिटिश सरकारला भाड्याने दिली. सतलजच्या खोऱ्यातील बुशहर संस्थानाची जंगलेही त्याच वर्षी गेली आणि वनखात्याची स्थापनाही तेव्हाचीच. रेल्वेच्या स्लीपरांसाठी देवदाराला तुफान मागणी होती. बोर्नच्या चित्रांत हे रान अनादि आणि अस्पर्श वाटते, पण ते तोडीच्या हिशेबात आधीच धरले गेले होते. चित्रात हे दिसत नाही, आणि दिसावे अशी त्याच्या गिऱ्हाइकाची अपेक्षाही नव्हती. भारतातील आणि इंग्लंडमधील इंग्रज कुटुंबांना आल्बममध्ये लावायला रम्य देखावा हवा होता. अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्स या छायाचित्रकाराने १८६१ मध्ये सुमारे १८ × २२ इंचांच्या काचांवर योसेमिटी खोरे आणि त्यातले संथ पाणी टिपले. १८६४ मध्ये लिंकनने ते खोरे राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली, त्याला या चित्रांचा हातभार लागला असे मानले जाते. बोर्नच्या चित्रांच्या वाट्याला असे काही आले नाही. ती विक्रीची वस्तू म्हणून घेतली गेली आणि विकलीही भरपूर गेली.

तिसरी सफर ३ जुलै १८६६ रोजी सिमल्याहून निघाली. तिच्या पहिल्या भागात प्लेफेअर नावाचे एक डॉक्टर सोबत होते. कुलू, रोहतांग ओलांडून लाहूल, तेथून स्पिती, आणि मग स्पिती व किन्नौर यांच्या मधली मणिरंग खिंड. बोर्नच्या हिशेबाने तिची उंची १८,६०० फूट. या खिंडीत त्याने काचा ओतल्या, चित्रे घेतली, तिथेच उमटवली. एवढ्या उंचीवरचे छायाचित्रण पुढे सुमारे वीस वर्षे कोणी केले नाही. या चित्रांत तळे नाही, झाड नाही, चौकट सावरायला काहीच नाही: दगडधोंड्यांची घसरण, मळकट बर्फ, कोरे आकाश आणि त्यात जेमतेम ओळखू येणारी माणसे. बोर्नला स्वतःला असले प्रचंड, उजाड देखावे कॅमेऱ्यासाठी सोयीचे वाटत नव्हते. डोळ्यांना जे भव्य वाटते ते बारा इंचांत मावत नाही, हे त्याला कळले होते. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र त्याचे सर्वांत सच्चे काम हेच. काश्मीरच्या चित्रांत हिमालय लेक डिस्ट्रिक्टसारखा नटून उभा राहतो, मणिरंगला त्याला नटवता आले नाही.

याच सफरीत पुढे तो गंगोत्रीला आणि गोमुखापर्यंत गेला. गंगोत्री हिमनदीच्या तोंडाची त्याने घेतलेली छायाचित्रे त्या जागेच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत मोडतात. हिमनदी त्यानंतर बरीच मागे सरकली आहे, त्यामुळे रम्य देखावा म्हणून घेतलेल्या या काचांना आता वेगळेच मोल आले आहे. परतीच्या वाटेवर मसुरी, नैनीताल करत तो डिसेंबरअखेर सिमल्यात आला.

हिमालयात कॅमेरा नेणारा बोर्न पहिला नव्हे. कांगड्याचा डेप्युटी कमिशनर फिलिप एजर्टन १८६३ मध्येच स्पितीत छायाचित्रे घेऊन आला होता, आणि काश्मिरात जॉन बर्क त्याच दशकात काम करत होता. बोर्नचे वेगळेपण सातत्यात आणि लिहिण्यात आहे. तिन्ही सफरींची वर्णने त्याने ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ या लंडनच्या नियतकालिकात लेखमाला लिहून प्रसिद्ध केली. त्यांत रसायने, थंडी, वाटा, स्वतःची फुशारकी आणि स्थानिक लोकांविषयीचा तुच्छभाव सगळे एकत्र सापडते. वसाहतकाळातील छायाचित्रणाच्या अभ्यासकांना ती चित्रांइतकीच उपयोगी पडतात.

१८६७ मध्ये इंग्लंडला जाऊन लग्न करून बोर्न परत आला. १८६८ मध्ये त्याने सिमल्याच्या बर्फातले देवदार टिपले आणि दक्षिणेत निलगिरीतही काम केले. १८७० च्या सुमारास त्याने भारत कायमचा सोडला, नॉटिंगहॅमला सूतधंद्यात पैसा केला आणि उरलेले आयुष्य जलरंगात चित्रे काढण्यात घालवले. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. दशकाच्या अखेरीस तशा तयार काचा बाजारात आल्या आणि तंबू, बाटल्या, पाणी या सगळ्याची गरज संपली. बोर्नने जे कष्ट घेतले आणि दुसऱ्यांना घ्यायला लावले, ते त्याच्या मागे दहा वर्षांतच कालबाह्य झाले.

कंपनी मात्र टिकली. सिमला आणि कलकत्ता यांच्या जोडीला पुढे मुंबईतही तिची शाखा निघाली. १९११ च्या दिल्ली दरबाराची छायाचित्रे तिने घेतली. कलकत्त्याच्या स्टुडिओला १९९१ मध्ये आग लागून जुन्या संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला आणि २०१६ मध्ये तो बंद पडला. छपाई केलेली चित्रे हजारोंच्या संख्येने विकली गेली होती, म्हणून काम वाचले. लंडनमधील ब्रिटिश लायब्ररी व व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम येथे त्याचे मोठे संग्रह आहेत. बोर्न आपल्या निगेटिव्हवर नाव आणि क्रमांक घालीत असे, त्यामुळे जुन्या आल्बममधील त्याचे चित्र ओळखणे सोपे जाते. छपाईचा काळ मात्र त्यावरून ठरत नाही, कारण तो गेल्यानंतरही कंपनी त्याच काचांवरून कित्येक दशके प्रती काढून विकत होती.