तडा कुठे पडतो?

लढायांचा इतिहास सेनापतींच्या नावाने लिहिला जातो. शिपायाच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. त्या शिपायाची बंदूक चालती ठेवणारा कारागीर मात्र कुठल्याच पानावर सापडत नाही. त्याची सही पाहायची तर जुन्या रायफलीच्या लाकडी दस्त्याकडे पाहावे लागते. तिथे पुष्कळदा वेगळ्या छटेच्या लाकडाचे ठिगळ दिसते, एखाद्या खुंटीचे गोल टोक दिसते. तेवढाच त्याचा पुरावा.

आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून ओळखली जाणारी ली-एनफिल्ड घ्या. तिचे मार्क तीन हे रूप १९०७ मध्ये ब्रिटिश सैन्यात आले आणि बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही तयार होऊ लागले. दस्ता अक्रोडाचा, पण एकसंध नव्हे. खांद्याला लागणारा तुकडा वेगळा, नळीखालचा वेगळा. गोळी सुटली की मागे येणारा धक्का या पुढच्या लाकडाच्या मागील टोकाशी, दोन लहान खाचांवर बसतो. खालचा स्क्रू सैल असेल, लाकूड सुकून आकसले असेल किंवा वर्षानुवर्षे तेल मुरून मऊ पडले असेल, तर लोखंड लाकडात हलू लागते. मग प्रत्येक गोळी म्हणजे लाकडावर हातोडीचा एक घाव. केसाएवढा तडा तिथूनच सुरू होतो.

दुसरे कारण घाईचे. मागचा तुकडा ज्या लांब बोल्टने धरलेला असतो, त्याचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. आधी पुढचे लाकूड न काढता बोल्ट फिरवला, की चांगले लाकूड चिरते. शत्रूची गोळी न लागताही रायफल जखमी होते!

दुरुस्ती साधी, पण धीराची. आधी लाकडातले मुरलेले तेल काढायचे, कारण तेलकट लाकडाला सरस धरत नाही. तडा हलकेच उघडून सरस आतपर्यंत पोचवायचा, बांधून ठेवायचे, वाळू द्यायचे. ताण मोठा असेल तर आडवी खुंटी ठोकायची. लाकूड कुजले असेल तर तेवढा भाग पटाशीने कोरून, रेषा जुळवून नवा तुकडा बसवायचा. शेवटी अळशीचे तेल. पण खाचांचा बसाव पुन्हा नीट जुळवला नाही, तर हे सारे व्यर्थ. तडा बुजतो, कारण राहते. काही दिवसांनी शेजारी नवा तडा येतो.

डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. मराठा पलटणींत तेव्हा दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. बाहेरून नवी रायफल येण्याची वाट बंद. अशा जागी हातातले शस्त्र सांभाळणे हेच जगणे असते. लढाईच्या नकाशावर या कामाला जागा नसते.

कारखान्यांनी मात्र तड्यांकडून धडा घेतला. इशापूरने पुढच्या लाकडात मजबुतीसाठी आडवा स्क्रू घालायला सुरुवात केली. ग्रेनेड फेकायच्या रायफलींचा दस्ता तारेने गुंडाळला जाऊ लागला. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याने तिथल्या मऊ लाकडात तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. धक्का कुठे बसतो ते ओळखून तिथेच आधार दिला.

पण या मरम्मतीची दुसरी बाजूही आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर एके-४७ घेतलेल्या हल्लेखोरांसमोर काही पोलिसांच्या हाती हीच जुनी थ्री नॉट थ्री होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० रोजी. शंभर वर्षांपूर्वीची रचना इतकी टिकली, याचे श्रेय निनावी कारागिरांना. ती इतकी वर्षे पोलिसाच्या हातात ठेवली, याची जबाबदारी मात्र त्यांची नव्हे. कारागिराने शस्त्र टिकवले ते शिपाई जगावा म्हणून. राज्यकर्त्यांनी त्याच्या हुनराचा उपयोग नवे शस्त्र न देण्याची सबब म्हणून केला.

समाजातल्या तड्यांचेही आपण असेच करतो. वरून सरस लावतो, तेल चोळतो, पृष्ठभाग चकचकीत दिसला की समाधान मानतो. जाणता कारागीर मात्र आधी आतल्या खाचा तपासतो. धक्का कुणावर बसतो आहे, हे त्याला आधी पाहायचे असते.